आधीच्या हातांनी केलेल्या दुरुस्त्या

माझ्या गॅरेजमधील फळीवर कॉफीचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला आहे. गेल्या चार हिवाळ्यांत माझ्या १९७७ सालच्या हार्ले-डेव्हिडसन सुपर ग्लाइड मोटारसायकलमधून मी जे जे काढले आणि जे मुळात तिथे असण्याचे काही कारण नव्हते, ते सारे त्या डब्यात जमा होत आले आहे. आठ मिलिमीटरचे तीन बोल्ट, लाल सिलिकॉनच्या शेवया, नळजोडणीची पांढरी टेप, बागेतल्या नळाला शोभेल असा पितळी कॉक, ड्रिल घालून भोक मोठे केलेला कार्ब्युरेटरचा जेट, घरातल्या स्पीकरची वायर आणि शीतपेयाच्या डब्याचा कात्रीने कापलेला पत्रा, एवढा ऐवज आजपर्यंत निघाला. कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी गाडीत यांपैकी एकही वस्तू नव्हती.

ही गाडी मी विकत घेतली तेव्हा जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणवणाऱ्या दोघातिघांनी मला एकच गोष्ट सांगितली: ही ए.एम.एफ.च्या काळातली गाडी आहे, ती तेल गाळणार, हादरणार आणि अधूनमधून रस्त्यात बसणार, तेव्हा मागाहून तक्रार करू नकोस. ए.एम.एफ. ही बोलिंगची यंत्रे आणि क्रीडासाहित्य बनवणारी कंपनी होती. तिने १९६९ मध्ये हार्ले-डेव्हिडसन ताब्यात घेतली आणि १९८१ मध्ये हार्लेतीलच तेरा अधिकाऱ्यांनी ती परत विकत घेतली. मधल्या बारा वर्षांतल्या गाड्यांचे नाव जे खराब झाले ते आजतागायत सुधारलेले नाही. त्या बदनामीत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु चार हिवाळे हे इंजिन उघडल्यावर आणि मिटल्यावर माझे मत असे बनले आहे की मुळच्या आराखड्यातले दोष मोजके आहेत, सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांच्यावरचे उपाय सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेले आहेत. खरा जीव खातात ते त्या दोषांवर पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकामागून एक मालकांनी केलेले इलाज, कारण त्यांची नोंद कुठेही नसते.

मी विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीपासून गाडीने पाऊण तासाच्या अंतरावर राहतो. या गाडीचे इंजिन याच परिसरात तयार झाले, आणि जुळणीचे काम १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील यॉर्कला हलवले गेलेले असल्यामुळे बाकीची गाडी तिकडे उभी राहिली. इथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत रस्त्यावर बर्फ आणि बर्फावर मीठ असते. जुन्या गाडीला मिठाइतका दुसरा शत्रू नाही, म्हणून त्या चार-पाच महिन्यांत गाडी आत आणि मी तिच्या शेजारी स्टुलावर, असा संसार चालतो.

इंजिन शॉव्हलहेड घराण्यातले आहे. १९६६ ते १९८४ या काळात ते बनत होते आणि त्याच्या डोक्यावरचे रॉकर बॉक्स कोळशाच्या फावड्याच्या पाठीसारखे दिसतात म्हणून त्याला हे नाव पडले. दोन सिलिंडर एकमेकांशी ४५ अंशांचा कोन करून उभे असतात आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर बसतात. एका रॉडचे खालचे टोक दुभंगलेले असते आणि दुसऱ्याचे टोक त्या दुभंगात शिरते. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८७.३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १००.८ मिलिमीटर, दोन्ही सिलिंडर मिळून १२०७ सीसी. एकच पिन आणि ४५ अंश ही जोडी जमली की दोन स्फोटांमधले अंतर सारखे राहत नाही: एकानंतर दुसरा ३१५ अंशांनी होतो आणि त्यानंतर पुन्हा पहिला ४०५ अंशांनी. ज्या लंगडत्या तालासाठी लोक या गाड्यांवर जीव टाकतात, तो ताल एवढ्यावरच उभा आहे. (त्या आवाजाचे व्यापारचिन्ह मिळावे म्हणून कंपनीने १९९४ मध्ये रीतसर अर्ज केला होता आणि २००० मध्ये तो मागे घेतला.)

मी पंपांच्या कारखान्यात नोकरी करतो, त्यामुळे मला या रचनेत तालाच्या आधी दुसरेच काही दिसले. दोन्ही पिस्टन थोड्याफार फरकाने एकदमच खाली येतात आणि एकदमच वर जातात, म्हणजे क्रँककेसमधील, इंजिनाच्या खालच्या पेटीतली, लिटरभराहून अधिक हवा प्रत्येक फेऱ्यात दाबली जाते आणि सैल सोडली जाते. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असेल तर हे अडीच हजार वेळा घडते. हा सरळसरळ पंप आहे, आणि पंपाला वेळेवर उघडणारा व्हॉल्व्ह नसेल तर दाब वाट फुटेल तिकडून बाहेर पडतो. तो व्हॉल्व्ह म्हणजे कॅमच्या झाकणामागे फिरणारा पोकळ ब्रीदर गिअर. त्याच्या अंगाला खिडकी कापलेली असते. पिस्टन खाली येताना ती उघडते आणि तेलाचा धूर मिसळलेली हवा बाहेर जाते, पिस्टन वर जाताना ती मिटते आणि क्रँककेसमध्ये थोडी पोकळी तयार होऊन वरच्या रॉकर बॉक्समधले तेल खाली ओढले जाते. पिनियन, कॅम आणि ब्रीदर या तीन गिअरांवरच्या खुणा जुळल्या नाहीत, किंवा ब्रीदर गिअर झिजून ढिला झाला, की खालच्या पोटातला दाब प्रत्येक पॅकिंगला आतून धक्के देऊ लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र फक्त पॅकिंग गळताना दिसते.

माझ्या गाडीच्या एका आधीच्या मालकालाही तेवढेच दिसले असावे. त्याने गळणाऱ्या प्रत्येक सांध्यावर लाल सिलिकॉनचा हात मारला होता. सिलिकॉन वाईट नसते, पण ते बोटभर जाडीने थापून झाकण आवळले की अर्धे बाहेर येते आणि अर्धे आत जाते. बाहेरचे कुरूप दिसते एवढेच. आतले सुकून, तुटून तेलाबरोबर प्रवासाला निघते. या इंजिनात टॅपेटांकडे (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या भागांकडे) जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर, उजव्या बाजूच्या एका मोठ्या स्क्रूखाली, अंगठ्याच्या पेराएवढी बारीक जाळी असते. ती पहिल्यांदा काढली तेव्हा जाळी दिसेचना. लाल शेवयांनी ती गच्च भरली होती. वर्षभर मी ज्या टॅपेटांच्या खडखडाटाला थकलेले हायड्रॉलिक युनिट (टॅपेटातला तेलाच्या दाबावर चालणारा भाग) समजत होतो आणि ज्यांच्यासाठी नवे युनिट मागवण्याच्या बेतात होतो, त्या टॅपेटांना तेलच मिळत नव्हते. जाळी धुतली, वाटेत हवा मारली, आणि खडखडाट दोन दिवसांत निम्म्याहून कमी झाला. ब्रीदर गिअर मात्र खरोखरच झिजलेला होता. तो बदलताना बाजारात मिळणाऱ्या जाड्या-बारीक मापांतून क्रँककेसच्या भोकाला नीट बसणारे माप शोधावे लागले, आणि त्यानंतर खालच्या चार ठिकाणांची गळती कोणतेही पॅकिंग न बदलता थांबली.

पितळी कॉकची कथा याच कुळातली आहे. या इंजिनात तेल क्रँककेसमध्ये साठत नाही. ते सीटखालच्या वेगळ्या टाकीत असते, पंप तिथून ते इंजिनाला पाजतो आणि पंपाचाच दुसरा भाग खाली जमलेले तेल परत टाकीत पोहोचवतो. टाकी पंपापेक्षा उंचावर आहे, म्हणून गाडी उभी असताना तेल आपोआप खाली उतरू नये यासाठी पंपात एक छर्रा आणि त्याच्यामागे एक बारीक स्प्रिंग बसवलेली असते. छऱ्याच्या बैठकीवर एखादा कण अडकला किंवा ओरखडा पडला की तेल थेंबाथेंबाने उतरत राहते, महिन्याभरात क्रँककेस भरते, आणि पुढच्या खेपेला गाडी सुरू केली की फ्लायव्हील ते सारे घुसळून ब्रीदरच्या नळीवाटे जमिनीवर ओकतात. याला इथले लोक वेट सम्पिंग म्हणतात आणि शॉव्हलहेड पाळणाऱ्या प्रत्येकाला ते एकदा तरी भेटते. आधीच्या कोणा मालकाने यावर असा तोडगा काढला की तेलाच्या नळीतच कॉक बसवायचा: गाडी उभी केली की बंद, निघताना चालू. तोडगा कामाचा आहे, पण ज्या दिवशी तो उघडायला विसराल त्या दिवशी इंजिन कोरडे फिरेल. पुढच्या सिलिंडरच्या भिंतीवरचे उभे ओरखडे पाहता असा दिवस किमान एकदा उजाडला असावा, असा माझा तर्क आहे. मी पंप उतरवला, बैठक साफ केली, जुना छर्रा ठेवून पितळी पंचने त्यावर एक हलका टोला दिला म्हणजे बैठकीला त्याचा गोल ठसा उमटला, मग नवा छर्रा आणि नवी स्प्रिंग घातली. आता पाच महिन्यांत खाली उतरते ते जेमतेम कपभर तेल, आणि ते वसंतात गाडी सुरू करण्याआधी क्रँककेसचा खालचा बोल्ट काढून मी काढून घेतो. कॉक डब्यात गेला.

आता बोल्टांविषयी. माझे मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसत आणि त्यांच्याकडे ऑइल इंजिनांचे सुटे भाग येत. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे झाडू मारण्याच्या बदल्यात मला एक गोष्ट फुकट शिकायला मिळाली, ती म्हणजे सूत. एका इंचाचे आठ सूत. चार सुती पाना म्हणजे अर्धा इंच, साडेचार सुती म्हणजे नऊ सोळांश. अमेरिकेत येऊन पहिला पान्यांचा संच उघडला तेव्हा बरोबरीचे भारतीय मित्र अपूर्णांक बघून गोंधळले होते, मी मनातल्या मनात सूत मोजत होतो. या गाडीत अडीच सुती, म्हणजे पाच सोळांश इंचाचे बोल्ट पुष्कळ आहेत आणि त्यांना इंचाला अठरा आटे असतात. त्याचा व्यास भरतो ७.९४ मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट त्याच्या इतका जवळ आहे की नजरेला फरक कळत नाही, पण त्याचे आटे सव्वा मिलिमीटरच्या अंतराने असतात, म्हणजे इंचाला वीसच्या थोडे वर. असा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात पहिले दोन फेरे हाताने जातो, तिसऱ्या फेऱ्याला अडतो, आणि तिथे शहाणा माणूस थांबतो. न थांबणाऱ्याच्या हातात लांब दांड्याचा पाना असला तर बोल्ट पूर्ण आत जातो, मजबूत बसल्याचा भास होतो, आणि आतले आटे मरतात.

अशी मेलेली भोके मला तीन सापडली. नळजोडणीची टेप त्यांपैकीच एका बोल्टाला गुंडाळलेली होती, म्हणजे आटे गेल्याचे करणाऱ्याला समजले होते आणि तरीही त्याने भोक तसेच बुजवले. उपाय कंटाळवाणा पण सरळ आहे. भोक ठरलेल्या मापाच्या ड्रिलने मोठे करायचे, त्यात हेलिकॉइलच्या टॅपने नवे आटे पाडायचे आणि स्टेनलेस तारेची गुंडाळी आत बसवायची. तिच्या आतल्या बाजूला मूळचे अडीच सुती आटे परत मिळतात. मशीन नसताना हातातल्या ड्रिलने हे करायचे तर भोक तिरपे जाण्याची भीती असते, म्हणून मी लाकडाच्या जाड ठोकळ्याला आधी ड्रिल-प्रेसवर सरळ भोक पाडले आणि तो ठोकळा वाट दाखवायला भोकावर दाबून धरला. अ‍ॅल्युमिनियममध्ये तारेची गुंडाळी मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते, त्यामुळे या तीन भोकांची मला आता काळजी नाही. ज्यांना मी अजून हात लावलेला नाही त्यांची आहे.

या सगळ्यांत जास्त दिवस मला कोणी झुलवले असेल तर ते हवेने. गाडी थंड असताना ठीक चाले, पण तापली आणि सिग्नलला उभी राहिली की तिचा आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरते तो वेग, आपोआप चढे, मग एकदम पडे, आणि मधूनच कार्ब्युरेटरमधून शिंक येई. मागचा प्लग पांढरट (पेट्रोल कमी), पुढचा काजळलेला (पेट्रोल जास्त). कार्ब्युरेटर केहिनचा आहे. तो मी तीन वेळा खोलला, आणि पहिल्याच वेळी लक्षात आले की कोणीतरी मेन जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीचे, भोक ड्रिलने मोठे केले आहे. त्याचा विचार मला समजू शकतो: गाडी भुकेली वाटते, तर तिला पेट्रोल जास्त द्या. पण मेन जेट कामाला येतो तो थ्रॉटल बराच उघडल्यावर. आयडलच्या तक्रारीला त्याचा काही उपयोग नाही. परिणाम एवढाच झाला की गाडी आयडलला उपाशी आणि हायवेवर अधाशी. योग्य मापाचा जेट घातला, हायवेचे काजळ गेले, आयडलची कुरबूर जशीच्या तशी राहिली.

हवा कुठून शिरते हे शोधण्याची रीत साधी आहे. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीच्या) सांध्यांवर वंगणाचा बारीक फवारा मारायचा. फवारा आत ओढला गेला आणि इंजिनाचा सूर बदलला की सांधा सापडला. (तापलेला एक्झॉस्ट शेजारीच असतो, त्यामुळे हे काम दार उघडे ठेवून आणि आग विझवायचे साधन हाताशी ठेवून करावे.) सूर बदलला तो मागच्या सिलिंडरच्या सांध्यावर. १९७७ सालच्या इंजिनात मॅनिफोल्ड दोन्ही हेडांना (सिलिंडरांच्या वरच्या झाकणांना) रबरी ओ-रिंग आणि पट्टीच्या क्लॅम्पने जोडलेला असतो. रबर दगडासारखे कडक झाले होते. नव्या ओ-रिंग, नवे क्लॅम्प घातले, गाडी शहाण्यासारखी वागू लागली, आणि तीनएकशे मैलांनंतर पुन्हा तेच.

दुसऱ्यांदा ओ-रिंग बदलल्या, तेव्हाही तेच झाले. मग मी एका संध्याकाळी काहीही न उचकटता नुसता टॉर्च घेऊन बसलो आणि मॅनिफोल्डच्या दोन्ही टोकांना पोलादी पट्टी लावून पाहिली. मागच्या हेडची नळी मॅनिफोल्डच्या रेषेत नव्हती. ती किंचित, नखाच्या जाडीइतकी, वळलेली होती. मॅन्युअल उघडल्यावर उलगडा झाला. हेडच्या बोल्टांच्या भोकांत थोडी मोकळीक असते, त्यामुळे हेड बसवताना बोल्ट आधी ढिले ठेवायचे, मॅनिफोल्ड चढवून दोन्ही हेड त्याच्याशी एका रेषेत आणायचे, आणि मगच बोल्ट आवळायचे, अशी पद्धत आहे. कधी काळी कोणीतरी टॉप-एंडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचे, काम करताना हेड आधी पक्के आवळले आणि मॅनिफोल्ड मागाहून जोराने आत ढकलला. त्या दिवसापासून रबर एका बाजूला चिरडत आणि दुसऱ्या बाजूला सुटत राहिले असणार, आणि त्या चुकीवर उतारा म्हणून पुढच्या माणसाने जेटला ड्रिल घातले. म्हणजे दोन वेगवेगळ्या हातांची दोन कामे एकावर एक रचलेली, आणि खालचे काम सापडेपर्यंत वरच्याचा अर्थ लागत नव्हता.

मग टाकी, एक्झॉस्ट, पुशरॉड आणि हेडांकडे जाणारी बाहेरची तेलाची नळी, हे सारे उतरवून दोन्ही हेड मोकळे केले, नवी हेड गॅस्केट घातली, आणि मॅनिफोल्डसकट सगळे एका रेषेत आणून बोल्ट टॉर्क पान्याने समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले. या इंजिनात हेडचे बोल्ट वरून नव्हे, खालून सिलिंडरच्या कडेतून वर जातात, त्यामुळे पान्याला जागा मिळता मिळत नाही आणि एकेका बोल्टाला मनगट वेगळ्या कोनात मोडावे लागते. पुरते दोन दिवस गेले. त्यानंतर दोन उन्हाळ्यांत मिसिसिपीच्या काठाने जाणारा पस्तीस नंबरचा रस्ता मी तीनदा पालथा घातला आहे आणि आयडल एकदाही चढलेला नाही.

इग्निशनच्या बाबतीत कोडे लवकर सुटले. १९७७ च्या गाडीत पॉइंट (प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) असतात, गॅप ०.०१८ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी. कॉइल एकच आणि ती दोन्ही प्लगांना एकाच वेळी ठिणगी देते, कामाची एकाला आणि वायफळ दुसऱ्याला. पॉइंटच्या कॅमला दोन उंचवटे असतात, त्यांपैकी अरुंद उंचवटा पुढच्या सिलिंडरचा. टायमिंग लावताना हे उंचवटे उलटे धरले की तास-दोन तास वाया जातात. माझे गेले आहेत. आधीच्या मालकाने पॉइंटची प्लेट पार मागे फिरवून ठेवली होती. कारण शोधले तर प्लेटमागची, वेग वाढेल तशी टायमिंग पुढे नेणारी वजने गंजून पुढच्याच टोकाला चिकटलेली निघाली. तशा स्थितीत किक मारली तर किकचा दांडा उलटा येतो आणि पायाची नडगी फुटते, म्हणून त्याने प्लेट मागे घेतली, आणि नडगी वाचली. पण मग ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या जेमतेम पाच अंश आधी पडायला लागली, ती सुरू होताना बरोबर आणि धावताना मात्र फार उशिरा, कारण वेगात ती पस्तीस अंश आधी पडायला हवी. एक्झॉस्टच्या नळ्या निळ्या का पडल्या होत्या आणि चढावर गाडी दमेकऱ्यासारखी का वागत होती, हे तेव्हा समजले. वजने सोडवली, पिनांना तेलाचा थेंब दिला, नव्या स्प्रिंगा लावल्या, पस्तीस अंशांची खूण क्रँककेसच्या डाव्या अंगाच्या भोकात आणून टायमिंग बांधले. सामान किरकोळ किमतीचे होते.

विजेच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे कौशल्याला वावच नव्हता. स्पीकरची वायर मागच्या दिव्याकडे जात होती आणि हादऱ्याने फ्रेमला घासून उघडी पडली होती. बॅटरी नीट चार्ज होत नसे त्याला कारण रेग्युलेटरच्या बैठकीवरचा रंग. हा रेग्युलेटर स्वतःच्या अंगातून अर्थिंग घेतो, आणि कोणीतरी हौसेने फ्रेम रंगवताना ती जागाही रंगवून टाकली होती. पॉलिश पेपरने तो रंग खरवडला आणि मीटरवर सव्वाचौदा व्होल्ट दिसू लागले. कापलेला पत्रा हँडलबारच्या क्लॅम्पमध्ये होता.

एक काम मात्र मी हात न लावता तसेच ठेवले आहे. कॅमचे झाकण काढले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला, तेलाने काळ्या पडलेल्या धातूवर, सुईसारख्या टोकाने कोरलेली एक ओळ दिसली: कॅमचे बुश नवे बसवले, मार्च १९९१. बुश (कॅमचा दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) पाहिले तर रीमर (भोक अचूक मापाचे करणारे हत्यार) इतका सरळ फिरवलेला की कॅम बोटाने ढकलला तर तेलावर तरंगल्यासारखा फिरतो आणि हलवून पाहिला तर डुगडुगत नाही. सिलिकॉनवाला आणि हा माणूस एक नव्हेत, हे निश्चित. आधीच्या हातांबद्दल एवढे सगळे बोलल्यावर या हाताचे ऋण मान्य करायला हवे, आणि विशेष म्हणजे संपूर्ण गाडीत लिहून ठेवलेली दुरुस्ती हीच एकटी आहे.

त्या ओळीमुळे मी वही घातली. तीत माझ्या चुकाही आहेत. पुशरॉड (टॅपेटाची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारा दांडा) लांब करून व्हॉल्व्हची मोकळीक काढताना हायड्रॉलिक युनिटमधले दाबलेले तेल पाझरून जाण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते. पुशरॉड पुन्हा बोटांनी फिरू लागला की मगच इंजिन फिरवायचे. पहिल्या खेपेला घाई करून मी लगेच किकवर पाय दिला आणि पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला, कारण व्हॉल्व्ह उघडाच होता. या हेडमध्ये दोन उघडे व्हॉल्व्ह एकमेकांना भिडू शकतात. नशिबाने भिडले नाहीत. दुसरी चूक प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी) जास्त ताणल्याची, थंड असताना बरोबर वाटली म्हणून. ती तापल्यावर केवढी कडक होते हे आवाजाने सांगितले. वहीत तारीख, मैल, वापरलेल्या सामानाचे माप, हेलिकॉइल कोणत्या भोकात आहे आणि ब्रीदर गिअर कोणत्या मापाचा बसवला आहे, एवढे लिहितो. भाषा इंग्रजी ठेवली आहे, कारण ही गाडी माझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याला मराठी येत असेल याची शक्यता कमी. सुताचा हिशेब मात्र समासात मराठीतच आहे, तो माझ्यासाठी.

सध्या वहीतली शेवटची नोंद मागच्या रॉकर बॉक्सची आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यातून तेल पाझरून एक्झॉस्टवर पडते आणि थांबल्यावर जळकट वास येतो. ब्रीदर आता बरोबर आहे, तेव्हा दाबाला दोष देता येत नाही. पॅकिंगची बैठकच कोणीतरी स्क्रूड्रायव्हरने खरवडलेली असावी, असे आरसा घालून पाहिल्यावर वाटते. टाकी उतरवायची, वरचा मोटर-माउंट सोडायचा, जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून बैठक सपाट घासायची, एवढे काम आहे. पॅकिंग आणून ठेवले आहे. पण बाहेर अजून ऊन आहे, म्हणून तूर्त एक्झॉस्टवर चिंधी फिरवून गाडी चालवतो आहे आणि ते काम रस्त्यावर मीठ पडेपर्यंत लांबणीवर टाकले आहे.